बारा नंबरची पट्टी

माझी मावशी हात बनवते. बोटं बनवते, कान बनवते. एकदा एका निवृत्त मास्तरांना नाकाचा शेंडा करून दिला होता, तो लावून मास्तर हजेरी घेतल्यासारखे सगळ्या वॉर्डांतून फिरून आले. पण मुख्य काम हातांचं. सरकारी हॉस्पिटलच्या मागे, धुलाईघर आणि ऑक्सिजनच्या टाक्या यांच्या मधे एक लांबट खोली आहे. तिच्या एका टोकाला तिघं जण पाय करतात. तिथे ठोकाठोक, करवत, चामड्याचा वास. दुसऱ्या टोकाला, ऊन थेट येत नाही अशा खिडकीशी, मावशीचं टेबल. टेबलावर जाड काच, काचेवर सिलिकॉनचा गोळा, हातात बोथट पातं. लाल, पिवळी, निळी, काळी, पांढरी अशा पाच डब्यांत पाच रंगांची पूड. एवढ्या भांडवलावर ती माणसाची कातडी करते.

माणूस समोर येऊन बसला की मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं.

“हात दे.” किंवा “द्या”, समोरच्याच्या केसांकडे बघून.

माणूस बिचारा तुटलेला हात पुढे करतो.

“तो नाही हो. तो कसा होता हे तुम्हाला तरी आठवतंय का? आहे तो द्या.”

मग आहे तो हात ती खिडकीशी उलटसुलट करून बघते. हाताची पाठ वेगळी, तळवा वेगळा, मनगटाच्या आतली बाजू आणखी वेगळी. पेरांवर लाली, नखांच्या मुळाशी निळसर झाक. सगळं काचेवर घोटून घोटून आणते आणि शिरा दिसाव्यात म्हणून त्यात केसाहून बारीक लाल धागे पेरते. बसमधल्या एका कंडक्टरबाईंना दोन बोटं करून दिली, तर त्यातल्या एकावर अंगठीखालचा पांढुरका पट्टासुद्धा काढला. बाई ते बोट बघत बसल्या आणि म्हणाल्या, “अंगठी तर विकली हो कधीच.” मावशी म्हणाली, “असू दे. बोटाला माहीत नाहीये.”

एका टायरवाल्याची मागणी याच्या उलट. नखं स्वच्छ बघून त्याचं तोंडच पडलं. “ताई, असा धुतलेला हात घेऊन मी गॅरेजात गेलो, तर गिऱ्हाईक म्हणेल, हा मालक झाला, काम दुसऱ्याकडून करून घेतो.” मावशीने नखांत वंगणाची काळी रेघ भरून दिली. आता त्याचे दोन्ही हात सारखेच मळके आहेत आणि तो खूश आहे.

तर असं काम झालं की एक फॉर्म भरायचा असतो, आणि त्या फॉर्मात एक रकाना असतो: छटा क्रमांक. त्यासाठी कार्यालयाने एक कार्ड दिलंय. कार्ड म्हणजे पंख्यासारखा उघडणारा अठरा रबरी पट्ट्यांचा जुडगा. एक नंबर सर्वांत उजळ, अठरा सर्वांत गडद. माणसाच्या हाताशी कार्ड धरायचं, जुळेल त्या पट्टीचा नंबर लिहायचा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मावशीने इमानेइतबारे कार्ड धरून बघितलं. एकही माणूस एकाही पट्टीला लागेना. तिने लिहिलं, “सात आणि आठच्या मधे, तळवा पाच, उन्हाळ्यात नऊ.” फॉर्म परत आला. लाल पेन्सिलने शेरा: “एकच आकडा लिहावा.”

त्याच सुमारास कार्डातल्या बारा नंबरच्या पट्टीचं भोक फाटलं आणि ती पट्टी कुठेतरी पडली. पायवाल्यांना विचारलं, झाडूवाल्याला विचारलं. गेली ती गेलीच. आणि मावशीला मोकळं रान मिळालं. बारा नंबर कार्डावर नाहीच, तर तो चुकला असं म्हणणार कोण? तेव्हापासून सव्वीस वर्षं तिच्याकडे आलेला प्रत्येक माणूस बारा. कंडक्टरबाई बारा, टायरवाला बारा, मास्तरांचं नाक बारा.

“फॉर्मला आकडा लागतो, माणसाला हात लागतो,” मावशी म्हणते. “ज्याला जे लागतं ते द्यावं आणि मोकळं व्हावं.”

बाकीच्यांच्या फॉर्मचं तिने असं झटक्यात मिटवलं. स्वतःचा फॉर्म आला तेव्हा मात्र हात अडला.

आमच्याकडे माणसं कागदावर दोन गटांत मोजतात. गट एक म्हणजे ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथलेच. गट दोन म्हणजे ज्यांचे लोक गोदी खणायला जहाजातून आले आणि राहिले. एकवाले साधारणपणे उजळ, दोनवाले साधारणपणे काळे. ‘साधारणपणे’ हा शब्द कार्यालयाचा, माझा नाही. आजी एकमधली, आजोबा दोनमधले. त्यांना दोन मुली. धाकटी माझी आई, ती सरळ आजीवर गेली. थोरली मावशी, ती कोणावर गेली याबद्दल अख्ख्या गल्लीला मत होतं आणि ते कुणीही पोटात ठेवलं नाही.

“रंग बापाचा, नाक आईचं. केसांचं काय झालं कोण जाणे,” असं समोरच्या काकू, मावशी तिथेच उभी असताना, भाजी निवडतात त्या आवाजात म्हणायच्या. शाळेत लस टोचायला दोन रांगा लागायच्या. मावशी मधे उभी राहायची. पोरं ओरडायची, “ए दीड! तुझी रांग कुठली?” मावशी म्हणायची, “दीडशहाण्यांची. या, जागा आहे.” पण मास्तर आले की तिला दंडाला धरून कुठल्यातरी एका रांगेत ढकलायचे, आणि ती रांग दर वर्षी तीच असेल असं नव्हतं. उन्हाळ्यानंतर दोनची, थंडीत कधी एकची.

याच चालीने तिचे कागदही झाले. जन्मली तेव्हा कागदासारखी पांढरी होती, म्हणून सुईणीने जन्मनोंदीत लिहिलं ‘एक’. सहा वर्षांनी, उन्हात खेळून आलेली बघून मुख्याध्यापकांनी दाखल्यावर लिहिलं ‘दोन’. नोकरीच्या फॉर्मात मावशीने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. कारकून चहाच्या गडबडीत होता. रेघ चालून गेली, सव्वीस वर्षं चालली.

आजोबांबद्दलही इथेच सांगते, कारण पुढे ते लागणार आहेत. ते गोदीत क्रेनवर होते. दोराने त्यांचा उजवा हात नेला. हॉस्पिटलने रबरी हात दिला, पण त्या काळी तो एकाच रंगात यायचा, बाहुलीसारखा गुलाबी. आजोबा तर चांगले काळेभोर. त्यांनी तो हात लावला आणि कोटाच्या खिशात घातला, तो पुन्हा बाहेर काढला नाही. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत आजोबा एक हात खिशात घालून उभे आहेत, जणू कुणाची तरी वाट बघतायत आणि समोरचा उशीर करतोय. मावशीला कुणी विचारलं की या कामात कशी आलीस, तर ती म्हणते, “बसायला खिडकी होती.” यापलीकडे एक अक्षर नाही.

यंदा कार्यशाळेचे प्रमुख निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेने नंबर मावशीचा. तिला प्रमुख होण्याची हौस नव्हती. माणसांना रजा दे, नको देऊ, हे तिला जमण्यातलं नाही. पण वरच्या कार्यालयात एक वेगळीच हवा होती: रंग घोटत बसण्यापेक्षा अठरा छटांचे तयार हातमोजे मागवा, नंबर बघा, चढवा, पुढचा. नवा प्रमुख बाहेरून आला तर मावशीचं टेबल पहिल्याच आठवड्यात उचललं जाणार, हे पायवाल्यांनाही कळत होतं.

“मला खुर्ची नको, टेबल हवं,” मावशी आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली. “पण टेबल खुर्चीच्या ताब्यात आहे ना.”

आणि खुर्ची कॉम्प्युटरच्या ताब्यात होती. नव्या कॉम्प्युटरला आडवी रेघ चालत नाही. गटाच्या रकान्यात एक हवं नाहीतर दोन, त्याशिवाय बढतीचं पान पुढे सरकतच नाही. आणि कागद एकमेकांच्या विरोधात असले की पडताळणी समिती. म्हणजे समितीने माणसाला समोर बसवून बघायचं आणि ठरवायचं.

“बघायचं म्हणजे?” आईने विचारलं.

“म्हणजे बघायचं. स्थळ बघतात तसं.”

“ताई, एक लिही आणि मोकळी हो. सुईणीचा कागद आहेच तुझ्याकडे. माझं एक, तुझं एक. दोन सख्ख्या बहिणी, कुणाला विचारावंसंही वाटणार नाही.”

“तुझं एक कसं झालं ते मला माहीत आहे,” मावशी म्हणाली.

आईने कपबशी जरा जोरात ठेवली. हा विषय आमच्या घरात असा आहे की तो आला की सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवतं. आई एकोणीस वर्षांची असताना पोस्टात लागली. कारकुनाने सांगितलं, मुलगी एक आणि वडील दोन असं चालत नाही, कागद सरळ करा. आजोबांनी स्वतः सही करून आपल्या नावापुढचं दोन खोडलं आणि एक केलं. डाव्या हाताने. “लिही गं,” म्हणाले, “माझं काय जातंय.” त्या दिवसापासून आईच्या कागदावर आजोबा गट एक आहेत आणि मावशीच्या कागदावर गट दोन. बाप एकच.

समितीच्या आदल्या दिवशी कार्यशाळेत फोन आला. पलीकडे टंकलेखक होता. तो टाइप करताना जसा बोलतो तसाच फोनवर बोलतो. “कार्यशाळेतलं, त्वचेच्या छटांचं, शासकीय कार्ड, पाठवावं. उद्या, पडताळणीसाठी, लागणार आहे.”

“कुणाच्या पडताळणीसाठी?” मावशीने विचारलं.

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. “तुमच्याच.”

मावशीने कार्ड साबणाने धुतलं, पुसलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आईला रजा मिळाली नाही, म्हणून मावशीबरोबर मी गेले. मावशीच्या खांद्याला तिची मोठी कापडी पिशवी होती, कारण तिथून ती थेट टायरवाल्याला त्याचा नवा हात आणि कंडक्टरबाईंना त्यांचा पुरा पंजा चढवायला जाणार होती. बाईंची उरलेली बोटंही आता कामातून गेली होती. तिसरा मजला, लांब लोखंडी टेबल, वर ट्यूबलाइट. टेबलामागे तिघं. मधे अध्यक्षबाई. या सगळ्यांना ‘आपण’ म्हणतात, बालवाडीतल्या बाईंसारख्या: “आपण बसूया. आपण पाणी घेऊया.” त्यांच्या उजवीकडे भांडारप्रमुख. यांचं प्रत्येक वाक्य “काय आहे की” ने सुरू होतं आणि “नियम माझ्या घरचा नाही” ने संपतं. मधे काय असतं ते महत्त्वाचं नसतं. डावीकडे टंकलेखक. “अर्जदार, स्त्री, वय त्रेपन्न, हजर.”

“आपण जरा हात दाखवूया,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मावशीने डावा हात टेबलावर ठेवला. भांडारप्रमुखांनी कार्ड उघडलं, पंखा फिरवला आणि हातावर झुकले.

“असं नका धरू,” मावशी म्हणाली.

“काय आहे की...”

“ट्यूबलाइटखाली सगळी माणसं आजारी दिसतात. खिडकीशी चला.”

हे तिने ज्या सुरात सांगितलं त्या सुरात ती रोज सांगते, त्यामुळे समिती उठलीच. टंकलेखक मागे राहिला. “समिती, खिडकीशी, गेली.”

“अकरा उजळ पडतोय,” भांडारप्रमुख म्हणाले.

“आपण तेरा लावून बघूया.”

“तेरा फार गडद होतोय.”

“मग आपण बारा आहोत!” अध्यक्षबाईंना आनंद झाला. “बारा लावूया.”

भांडारप्रमुखांनी पंखा पुढे फिरवला, मागे फिरवला. अकरा, तेरा. अकरा, तेरा. पट्ट्या मोजल्या, सतरा भरल्या.

“बारा कुठाय?”

“सव्वीस वर्षांपासून नाहीये,” मावशी म्हणाली.

“नाहीये कसा? काय आहे की, पट्टी नसेल, पण नंबर आहे.” ते टेबलाशी परत आले, आपल्या पिशवीतून त्यांनी कार्यशाळेचं जाडजूड रजिस्टर काढलं आणि टेबलावर आपटलं. “चारशे सतरा नोंदी. सगळ्या बारा. सही तुमची. या शहरात सर्वांत जास्त माणसं बारा नंबरची आहेत, असं सरकारी रजिस्टर म्हणतंय.”

“म्हणजे आपण बहुमतात आहोत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “छान झालं.”

गट ठरवायच्या परिपत्रकात रेघ बारावर होती. एक ते बारा गट एक, तेरापासून पुढे दोन. म्हणजे मावशी एक. म्हणजे पान पुढे, बढती, खुर्ची आणि खुर्चीबरोबर टेबल. तिला काहीही म्हणायचं नव्हतं, फक्त मान हलवायची होती. आणि ती हलवत होती. मी बघितलं, अर्धी खाली गेली होती.

“पण, बाई,” टंकलेखक म्हणाला, “वडिलांच्या रकान्यात, दोन आहे. मुलगी एक, वडील दोन, कॉम्प्युटर, लाल होतोय.”

“मग वडिलांचंही आपण एक करूया. वडील आहेत?”

“नाहीत,” मावशी म्हणाली.

“मग त्यांची हरकत असायचं कारण नाही.”

मावशीची मान तिथेच थांबली.

“त्यांना कितवा नंबर धरणार?” तिने विचारलं.

“काय आहे की, बाराच धरू. सरळ पडतं.”

“त्यांना एकदा तुमच्याकडून नंबर मिळालाय,” मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. “तीन नंबरचा हात दिला होता. ते कोळशासारखे काळे होते. तो हात त्यांनी वीस वर्षं खिशात ठेवला.”

मावशीने पिशवी टेबलावर घेतली, दोन खोके काढले, झाकणं उघडली आणि दोन हात समितीसमोर ठेवले. कंडक्टरबाईंचा दुधाळ, पाठीवर तांबूस तीळ. टायरवाल्याचा काळा, नखांत वंगण.

“हा बारा,” ती म्हणाली. “आणि हाही बारा. रजिस्टरमधे बघा, परवाच्या तारखेला.”

भांडारप्रमुखांनी पान उलटलं. बघितलं. हातांकडे बघितलं. पुन्हा पान.

“चारशे सतराच्या चारशे सतरा खोट्या आहेत. पट्टी हरवली म्हणून मी तो आकडा घेतला, कुणाला तपासता येऊ नये म्हणून. माणसांचा काही संबंध नाही, मीच लिहिलंय. तेव्हा त्या बारामधे मलाही घालू नका आणि त्यांनाही नको.”

“बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?” भांडारप्रमुख म्हणाले. घाबरून त्यांचं ‘काय आहे की’ सुटलं. “ही खोटी नोंद आहे! बढती सोडा, चौकशी लागेल!”

“कळतंय.”

अध्यक्षबाईंनी एक बोट पुढे करून टायरवाल्याच्या नखाला हळूच लावलं आणि लगेच मागे घेतलं. “याच्या नखांत मळ आहे.”

“मुद्दाम भरलाय. त्याला तसा हवा होता.”

“हे सगळं,” टंकलेखक म्हणाला, “टाइप करू?”

“करा,” मावशी म्हणाली. “स्वल्पविरामांसकट.”

जिन्यात ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मला वाटलं, आता रडते. तिने पिशवीत हात घालून खोक्यांची झाकणं नीट बसलीयेत का बघितलं. “गेलं टेबल,” म्हणाली. “चल, टायरवाला खोळंबला असेल.”

संध्याकाळी आईने तिला आल्या आल्या धरलं.

“नुसती मान हलवायची होती, ताई! मान!”

“हलवत होते. मधेच अडकली.”

“आता तुझं टेबल जाणार, ते मोजे येणार, आणि ज्यांच्यासाठी एवढं केलंस ती माणसं पुन्हा हात खिशात घालून फिरणार. बाबांसारखी. हे बरं झालं?”

“नाही झालं.”

“बाबांनी माझ्यासाठी सही केली होती. स्वतःहून.”

“माहीत आहे. शाईची दौत मी धरली होती. डाव्या हाताने त्यांना कागद आणि दौत दोन्ही सांभाळता येईना.”

हे आईला माहीत नव्हतं, किंवा ती विसरली होती.

“म्हणजे माझं खोटं आणि तुझं खरं, असंच ना?” ती म्हणाली.

“माझं कुठलं खरं? मी चारशे सतरा वेळा खोटं लिहिलंय. तू एकदाच.” मावशीने ताट पुढे ओढलं. “वाढ आता. सकाळपासून पोटात काही नाही.”

तीन आठवड्यांनी निकाल आले. एका कागदावर मावशीला ताकीद आणि प्रमुखपदी दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका साहेबांची नेमणूक. दुसरा कागद म्हणजे परिपत्रक. चारशे सतरा बारांमुळे वर बरीच धावपळ झाली असावी, कारण त्यात छटा क्रमांकाचा रकानाच रद्द केला होता. यापुढे प्रत्येक हाताच्या फॉर्मला त्या माणसाच्या प्रत्यक्ष रंगाचा, नखाएवढा, स्वतंत्र बनवलेला नमुना चिकटवावा आणि त्यावर बनवणाऱ्याची सही असावी.

नवे साहेब अठरा मोज्यांचे अठरा खोके घेऊन आले. चांगला माणूस आहे, पण बोलताना घसा खाकरतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य भाषणासारखं सुरू होतं आणि ‘बरं का’ वर संपतं. परिपत्रक त्यांनी दोनदा वाचलं.

“म्हणजे, अहं, प्रत्येकाचा वेगळा नमुना बनवायचा?”

“हो,” पायवाले म्हणाले.

“बनवणार कोण?”

तिघांनी एकदम खिडकीकडे बोट दाखवलं. मोज्यांचे खोके आता पायवाल्यांकडे आहेत. त्यात ते खिळे ठेवतात.

त्या आवराआवरीत बारा नंबरची पट्टीही सापडली. पायवाल्यांच्या करवतीच्या बाकाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कुणीतरी कधीतरी ती सारली होती. सव्वीस वर्षं वंगण पिऊन ती तेरापेक्षा काळी झाली होती. टंकलेखक कार्ड परत द्यायला आला होता. त्याने ती पट्टी निरखून पाहिली. “म्हणजे, बारा नंबर, आता गट दोनमधे, गेला,” असं म्हणून तो स्वतःच हसला. त्याला हसताना आम्ही पहिल्यांदाच बघितलं.

तो आणखी एका कामाला आला होता. मावशीच्या फायलीत गटाच्या रकान्यात आता ‘पडताळणी प्रलंबित’ असं आलंय. कॉम्प्युटरला ते चालतं. निवृत्तीपर्यंत प्रलंबित राहिलं तरी चालतं. पण नंबर रद्द झाल्यामुळे पडताळणीच्या कागदाला तिच्या रंगाचाही नमुना जोडायचा होता.

“‘प्रलंबित’ वाईट नाही,” मावशी म्हणाली. “रेघेपेक्षा लांब आहे.”

मग ती काचेशी बसली आणि अर्धा दिवस तिथेच अडकली. इतकी वर्षं लोकांचे हात केले, स्वतःचा कधी केला नव्हता. पाठ जमली. मनगट जमलं. तळवा येईना. लाल टाकलं की जास्त व्हायचं, पिवळं टाकलं की आजारी दिसायचं.

दुपारी आई आली. मावशीचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला. आईच्या पोस्टापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, पण सव्वीस वर्षांत आई या खोलीत आली नव्हती. दारातूनच “ताई, डबा” म्हणून ती उभी राहिली. मग आत आली. मग काचेवर वाकली.

“लाल जास्त झालंय,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला एवढं कळतं की बाबांचा तळवा असा नव्हता.”

“मी बाबांचा करत नाहीये. माझा करतेय.”

“तेच ते.” आईने आपला हात मावशीच्या हाताशेजारी काचेवर उताणा ठेवला. पाठी बघितल्या तर कुणी बहिणी म्हणणार नाही. तळवे मात्र रेषा सोडल्या तर उचलून इकडचा तिकडे लावावा असे. “निळं टाक चिमूटभर. लाल दबेल.”

मावशीने चिमूटभर निळं टाकलं. पात्याने घोटलं. खिडकीशी नेलं. जमलं.

“बघ,” आई म्हणाली.

“तुला बाबांचा तळवा काय आठवतोय? रस्त्याने जाताना तू नेहमी त्यांच्या खिशात हात घालून रबराचा हात धरायचीस.”

“तू खरा आधीच पटकावायचीस म्हणून!”

“मी थोरली होते.”

“मग काय झालं?”

पायवाल्यांनी ठोकणं थांबवलं होतं. मावशीने त्यांच्याकडे एक नजर टाकली, ठोकणं सुरू झालं. तिने नखाएवढा तुकडा कापला, कागदावर चिकटवला आणि खाली सही केली. आई डबा ठेवून रिकामी पिशवी घेऊन निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“माझ्या फायलीलाही लागतो का गं असा एक?”

“पोस्टाचं वेगळं आहे. तुझ्याकडे कुणी मागितलेला नाही.”

“मागितला नाही ते माहीत आहे. लावता येतो का, विचारतेय. आणि बाबांचा रकाना, तो परत बदलता येतो का?”

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग काच कापडाने पुसून कोरी केली, समोरचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

“बस. हात दे.”

आईने उजवा दिला.

“दुसरा. आणि घड्याळ काढ आधी. पट्ट्याखाली बघू दे.”